उमरझिऱ्याचं गायणं

जामसिंगनं पाणी चुकीच्या सरीत सोडलं तेव्हा पौष अर्धा सरत आला होता. हरभऱ्याला द्यायचं पाणी सकाळभर शेजारच्या फरदडीच्या, दुसऱ्या बहराला राखलेल्या कपाशीत शिरत राहिलं आणि खालच्या फांद्यांची बोंडं चिखलात लोळली. सुमली त्याच कपाशीत वेचत होती. पायांना गार लागलं तशी तिनं कापसाची ओटी सोडून ठेवली आणि बांधाकडं धावली. जामसिंग बांधावर उकिडवा बसला होता. फावडं मांडीवर आडवं होतं आणि पाणी त्याच्या डोळ्यांसमोरून चाललं होतं.

"कुठं सोडलं हे?" ती आपल्या पावरी बोलीत म्हणाली.

त्यानं पाण्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "इकडंच तर सांगितलं होतं."

निंबाआप्पा मोटरसायकलवरून आले, तेव्हा दोघं नवराबायको पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून माती ओढत होती. आप्पा ओरडले नाहीत. माणूस तसा वाईट नव्हता. नऊ वर्षं जामसिंग त्यांच्याकडं सालदार होता. या नऊ वर्षांत दिवाळीचा कपडा कधी चुकला नव्हता. ते बांधावर उभे राहून भिजलेल्या कपाशीकडं बघत राहिले.

"जामसिंग, तुले काय सांगेल व्हतं?"

"हाव मालक. चुकनं मालक."

"मागला हप्तामा बैल सोडी दिन्हा. त्याना आगोदर मोटर चालू ठेईसन घर चालना गया. आते तुनाकडथून व्हत नई, भाऊ." आप्पांनी नजर दुसरीकडं वळवली. "आखाजीलगून ऱ्हाय. मंग मी दुसरा माणूस दखसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल सरतं. जामसिंग मान हलवत राहिला. आप्पांची गाडी दिसेनाशी झाली तरी त्याची मान हलतच होती. सुमलीनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

शेतापासून घर जवळ होतं. शिरपूरच्या अलीकडं, हायवेवरून आत वळलं की दोन रांगांत बांधलेली सारखी घरं. सरकारी कागदात त्यांना वसाहत म्हणत, आसपासची गावं नुसतं 'पुनर्वसन' म्हणत. त्यात राहणारे ते पुनर्वसनवाले. अकरा वर्षांपूर्वी सातपुड्यातलं उमरझिरा हे बावीस घरांचं गाव उठलं, कारण ते जंगल जनावरांसाठी राखून ठेवायचं ठरलं होतं. ट्रक आले. सुमलीनं जातं चढवलं, कोंबड्यांची डालगी चढवली. बदल्यात इथं मिळालेली जमीन खारवट निघाली. दोन पावसाळे ज्वारी उगवून पिवळी पडली, तिसऱ्या वर्षी पुरुष पाटलांच्या शेतांवर सालानं राहिले आणि बायका रोजानं.

उमरझिऱ्यात जामसिंग कुणाचा सालदार नव्हता. तो गावाचा पुजारा होता. त्याचा बाप पुजारा, बापाचा बाप पुजारा. कुणी नवस बोललं, पोरबाळ जगलं, पीक आलं, की त्या घरी इंदल व्हायचं. डोंगरातून कळंबाच्या फांद्या तोडून आणायच्या, वाटेत कुठंही जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत, अंगणात रोवायच्या. मग पुजाऱ्यानं त्यांच्यासमोर बसून गायणं म्हणायचं. आधी धरती कशी झाली ते. मग देव नदीकाठून निघतात आणि डोंगर चढू लागतात. कुठल्या झऱ्यावर पाणी प्यायले, कुठल्या खडकावर टेकले, कुठल्या बारीत, खिंडीत वाट चुकले, एकेक जागा नावानं घ्यायची. जागा सुटली की देव तिथंच अडले. चालत चालत देव ज्याचा नवस त्याच्या दाराशी येऊन पोचत, तोवर उजाडलेलं असे.

अशाच एका इंदलाचा नवस जामसिंगच्या स्वतःच्या घरी अडकून पडला होता. नात पुनम दोन वर्षांची असताना महिनाभर तापानं फणफणली होती. तेव्हा त्यानं शब्द दिला. पोरगी उठली, शाळेत जाऊ लागली, आता आठ वर्षांची झाली होती.

त्या दिवशी जेवताना जामसिंग म्हणाला, "आखाजीच्या आत इंदल करायचं."

मुलगा रायसिंग भाकरी मोडता मोडता थांबला. तो शिरपुरात एका गोदामात कामाला होता. तिथल्या मुकादमानं पहिल्याच दिवशी वहीत त्याचं नाव राजेश लिहिलं होतं. ते बदलायला त्यानं कधी सांगितलं नाही.

"कोण येणार बाबा? निम्मी माणसं गुजरातेत गेलीत. तुमच्या मागं झील धरणारा नानसिंग वारला. पोरांना त्यातलं एक अक्षर कळत नाही."

"देवाला कळतं."

"मागच्या होळीला ढोल वाजवला, तर गावातून माणूस आला होता बंद करा म्हणून."

"ढोल नको. नुसतं गायणं."

पुनम आजोबाला चिकटून बसली होती. "आज्या, इंदल म्हंजे काय शे?" तिनं विचारलं.

जामसिंग खुलला. फांद्या, देव, तिचा ताप, सगळं तो हात हलवून पावरीत सांगू लागला. पुनमनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि आईकडं तोंड वळवलं. "काय म्हनस तो?"

सेवंतीनं तिला अहिराणीत दोन वाक्यांत सांगून टाकलं. "हं," म्हणून पोरगी उठून गेली.

फांद्या आणायला बायकांनी जायचं नसतं. पण जामसिंगला आता एकटं सोडवत नव्हतं आणि रायसिंगला एकट्याला तो आवरत नव्हता, म्हणून सुमलीही निघाली. लांब थांबेन, झाडाजवळ येणार नाही, असं तिनं सांगितलं. शिरपूरहून बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत आणि पुढं दोन तास पायी. जामसिंगनं आदल्या दिवसापासून तोंडात अन्न घेतलं नव्हतं. खांद्यावर कुऱ्हाड होती, धुऊन तेल लावलेली. बसमध्ये कंडक्टरनं ती सीटखाली ठेवायला लावली, तर तो सारा रस्ता वाकून तिच्या दांड्याला हात लावून बसला.

वाट संपायच्या आधीच आडवा बांबू आला. बाजूला खोली, खोलीवर वाघाचं चित्र. खोलीतून वनरक्षक बाहेर आला. कोवळा मुलगा होता, जळगावकडचा असावा. शाळेत शिकल्यासारखं स्वच्छ बोलायचा.

"कुठं निघालात बाबा?"

"उमरझिऱ्याला."

"असं गाव नाही इकडं."

"होतं साहेब," रायसिंग म्हणाला. "अकरा वर्षं झाली."

"अच्छा, ते. ते आता कक्ष एकशे चौदा." त्यानं कुऱ्हाडीकडं बघितलं. "आणि ही?"

रायसिंगनं समजावून सांगितलं. तीन फांद्या. पूजेच्या. झाड मरत नाही त्यानं. वनरक्षकानं सगळं ऐकलं. त्याला दया येत होती हे सुमलीला दिसत होतं.

"वाळलेलं पानसुद्धा बाहेर नेता येत नाही, दादा. माझी नोकरी जाईल. आणि कुऱ्हाड घेऊन इथपर्यंत आलात, ती जमा करावी लागेल. मी केस करत नाही, नुसती नोंद करतो."

त्यानं वही आणली. कुऱ्हाड कुणाची म्हणून जामसिंगचा अंगठा घेतला. जामसिंग शाईचा अंगठा वर धरून उभा राहिला. पुसायला काय वापरावं ते त्याला कळेना. सुमलीनं आपल्या पदरानं पुसला.

"आलाच आहात तर इथूनच नमस्कार करा," वनरक्षक म्हणाला. "मला काही हरकत नाही."

जामसिंग बांबूजवळ गेला. समोर डोंगरांच्या दोन रांगा होत्या, साग निष्पर्ण, मध्ये हिरवळीचे पट्टे. त्यानं हात जोडले. "तो बघा, आपला डोंगर," तो वनरक्षकाला म्हणाला. "त्याच्या पोटात माझं घर."

तो दाखवत होता तो डोंगर त्यांचा नव्हता. त्यांचा डोंगर डाव्या हाताला होता, शेंडा मोडलेला, हजारात ओळखू यावा असा. सुमलीनं रायसिंगकडं बघितलं. रायसिंग तिच्याकडेच बघत होता. जामसिंग त्या परक्या डोंगराला हात जोडून बराच वेळ उभा होता.

दुसऱ्या दिवशी सुमली वेचणीला गेली नाही. का आली नाही ते सांगायला तिसऱ्या दिवशी आप्पांच्या घरी गेली, तेव्हा त्यांची बायको पुष्पाबाई अंगणात गव्हातले खडे वेचत होत्या. त्यांनी विचारलं म्हणून सुमलीनं होतं ते सांगितलं.

"एवढंच ना," पुष्पाबाई म्हणाल्या. "कळंब म्हंजे कदंबच ना व? मना आंडोरनी आठे लायेल शे, दख. किसनदेवनं झाड शे, पवित्र. लई जाय तुले जितल्या लागतीन तितल्या."

मुलानं लावलेलं ते झाड घराच्या कोपऱ्यावर सरळसोट वाढलं होतं. ताटाएवढी रुंद, चकचकीत पानं. कळंबाची पानं तळहातात मावणारी. पुष्पाबाईंनी गड्याला हाक मारून तीन फांद्या उतरवून घेतल्या, वर सुमलीच्या हातात गूळ आणि नारळ दिला. नाही म्हणायला सुमलीला तोंडच उरलं नाही. "अक्का, लई उपकार," ती म्हणाली, आणि फांद्या खांद्यावर घेतल्या. घरापर्यंत तिनं त्या कुठंही टेकू दिल्या नाहीत. बाईच्या खांद्यावरून आल्या त्या आल्याच, निदान जमिनीला तरी लागू नयेत.

जामसिंगनं फांदी हातात घेतली. पानावरून अंगठा फिरवला, उलटं करून बघितलं.

"याचं पान मोठं आहे."

"इथं पाणी भरपूर मिळतं ना," रायसिंग म्हणाला. "म्हणून."

जामसिंगनं मान डोलावली. सुमली आत जाऊन पीठ मळायला बसली.

इंदलाला वसाहतीतली अकरा माणसं आली. उमरझिऱ्यात चार गावचे लोक डोंगर उतरून यायचे, अंगण पुरायचं नाही. इथं फांद्या रोवायला खड्डा खणला, तर टीचभर मुरूम आणि खाली काँक्रीट निघालं. शेवटी रायसिंगनं रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात फांद्या उभ्या केल्या आणि डब्याभोवती फडकं गुंडाळलं. दिवेलागणीला जामसिंग आंघोळ करून, डोक्याला नवं फडकं बांधून समोर येऊन बसला. म्हातारा वेस्ता त्याच्या शेजारी बसला, झील धरायला. बायका दारात, चुलीपाशी.

आवाज मात्र तोच होता. पहिली ओळ त्यानं उचलली आणि सुमलीच्या हातातलं पीठ तिथंच राहिलं. इतकी वर्षं तो आवाज "हाव मालक" म्हणण्यापुरताच निघत होता. आता तो आपल्या पूर्ण रुंदीनं पसरला. मोबाइलवर बोटं फिरवणारी पोरंही वर बघू लागली. पाणीच पाणी होतं, त्यातून माती वर आली, मातीवर पहिलं गवत आलं. धरती झाली. देव नदीकाठून निघाले. जोडआंब्याखालून गेले, कासवाच्या खडकावर बसले, पुढं वाघाच्या पाण्यावर आले.

वेस्तानं ओळ झेलली. जामसिंगनं पुन्हा म्हटलं, देव वाघाच्या पाण्यावर आले. वेस्तानं पुन्हा झेलली. तिसऱ्यांदा जामसिंग तेच म्हणाला तेव्हा आवाजाचा काठ फाटला, आणि तो थांबला.

शेजारच्या घरातल्या टीव्हीवर मालिकेचं गाणं लागलं होतं. माणसं वाट बघत होती. जामसिंगचे ओठ हलत होते, हात हवेत काहीतरी चाचपडत होता, अंधाऱ्या घरात भिंत शोधावी तसा.

सुमलीला पुढचं येत होतं. चाळीस वर्षं, किती अंगणांत, चुलीमागं बसून तिनं ते ऐकलं होतं. वाघाच्या पाण्यावरून रडती कपार. रडत्या कपारीवरून सात उंबर. शेवटच्या दारापर्यंत सगळी वाट तिच्या आत होती. पण गायण्यात बाईचा आवाज घालायचा नसतो. तिनं ओठ दाबून धरले. मग जामसिंगनं मान वळवून दाराकडं बघितलं. हरवलेलं लहान पोर माणसांच्या गर्दीकडं बघतं, तसं.

"रडती कपार," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. ती उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "वाघाच्या पाण्यावरून देव रडत्या कपारीला गेले."

सगळी डोकी वळली. वेस्ता खाली बघू लागला. जामसिंग तिच्याकडं बघत होता, कपाळावर आठ्या.

"रडती कपार?" तो म्हणाला. "ती कुठं आहे?"

त्या कपारीखाली त्यांची पहिली मुलगी होती. चार दिवसांची. खड्डा त्यानंच खणला होता, एकट्यानं, भर पावसात, आणि वर दगड रचून होईपर्यंत सुमलीला जवळ येऊ दिलं नव्हतं.

पुढचं म्हणावं, सात उंबर म्हणावं, देवांना तसंच ओढत दारापर्यंत आणावं, असं तिला वाटलं. तिनं श्वासही घेतला.

"बस, बाई," वेस्ता हळूच म्हणाला. "राहू दे आता."

ती बसली. जामसिंग समोरच्या माणसांकडं बघत होता. ही सगळी उमरझिऱ्याची माणसं, त्याच्या हातून कुणाचं लग्न लागलेलं, कुणाचं नाव ठेवलेलं. तो अर्धवट उठला, वाकला, आणि त्यांना अहिराणीत म्हणाला, "चुकनं मालक."

कुणी हसलं नाही. रायसिंगनं पत्रावळी मांडल्या. लोकांनी खाली माना घालून खाल्लं आणि मालिका संपायच्या आत सगळे आपापल्या घरी गेले. सकाळी रायसिंगनं फांद्या कालव्यात सोडल्या.

त्यानंतर जामसिंग कामावर गेला नाही. आप्पांनी आखाजीपर्यंतची ज्वारी घरी पाठवून दिली. शिरपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, डोक्यातल्या बारीक नसा बंद पडत चालल्यात, वयच झालं, सांभाळा. होळी आली आणि गेली. जामसिंग खाटेवर पडून असायचा. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. मग एके दिवशी सुमलीनं त्याला पावरीत पाणी हवं का विचारलं, आणि त्याला ते कळलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, लहान पोराशी बोलावं तसं. तो घाबरल्यासारखा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. पुनमनं दारातून विचारलं, "आज्या, पानी पेस का?"

"हाव," जामसिंग म्हणाला. "दे."

पुनमला आनंद झाला. "माय, दख ना, आज्याले आते नीट बोलता येस," ती सेवंतीला सांगत सुटली. शाळेतून आली की दप्तर टाकून ती त्याच्याजवळ बसे. तो तिला बैलांचं सांगे, मोटारीचं सांगे, आज कोणत्या सरीत पाणी लावायचं ते सांगे. डोंगराचं त्यात काही नसे. आजोबा आणि नात खाटेवर बसून गप्पा मारत आणि सुमली तिथंच शेंगा फोडत ऐके. तिला अहिराणी समजत होती, पण तिची जीभ त्या बोलीत कधी सैल सुटली नव्हती. नवऱ्याशी बोलायला ती बोली तिच्याजवळ नव्हतीच.

आणि तो तिला आता, पुष्पाबाईंना म्हणावं तसं, अक्का म्हणू लागला होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी घरात दोघंच होती. रायसिंग गोदामात, सेवंती पुनमला घेऊन बाजारात. पत्रा तापून तडतडत होता. सुमली ओलं फडकं त्याच्या छातीवरून फिरवत होती. छातीची हाडं वेगवेगळी लागत होती. एकाएकी त्यानं डोळे उघडले आणि उठायची धडपड सुरू केली.

"अक्का, पानी लावाले जानं शे. उशीर व्हई गया."

"झोप," ती आपल्या बोलीत म्हणाली. "मी आहे. सुमली."

तो आणखीच घाबरा झाला. मालकीण काय बोलते ते आपल्याला कळत नाही, म्हणजे ती रागावली असणार, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं. त्यानं पाय खाटेखाली टाकले. पाय टेकताच गुडघे दुमडले. तिनं त्याला काखेत धरून सावरलं, तरी तो पुढंच ओढत होता. "परत येस ना अक्का. लगेच येस. मालकले सांगजो नको."

"मी सुमली," ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदाही म्हणाली. त्याची धाप वाढत चालली होती, ओठ निळे पडत होते.

मग तिनं त्याला खाटेवर टेकवलं आणि बाजूला झाली. डोक्यावरून पदर घेतला, पुष्पाबाई घेतात तसा, आणि त्याच्या समोर ताठ उभी राहिली. जन्मात तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"जामसिंग," ती म्हणाली. अहिराणी तिच्या तोंडात अडखळत होती. "तुनं साल सरी गयं. आते काम नई शे."

तो थांबला. "बठ्ठं काम व्हयनं, अक्का?"

"बठ्ठं व्हयनं."

"मालक काही बोलनार नईत?"

"नई. घर जाय तू."

"जाऊ?"

"जाय."

त्याचं अंग सैल पडलं. तो आपण होऊन आडवा झाला, हात पोटावर घेतले. श्वास हळूहळू खाली बसला. सुमलीला वाटलं, झोप लागली. तिनं पदर खाली घेतला आणि त्याचा हात धरायला वाकली. तेवढ्यात त्यानं डोळे किलकिले केले आणि अक्का अजून तिथं आहेत का ते बघितलं. तिनं चटकन पदर डोक्यावर ओढला आणि मागं सरून उभी राहिली.

उन्हं कलेपर्यंत ती तशीच उभी होती. तो आणखी दोनदा डोळे उघडून बघून गेला. दोन्ही वेळा तिनं मान हलवून त्याला जायला सांगितलं. त्यानंतर त्यानं डोळे उघडले नाहीत, तरी त्याच्या जवळ जायला तिचा धीर होईना.

रायसिंग कामावरून आला तेव्हा बाप गेलेला होता, आणि आई खाटेपासून चार हात लांब, डोक्यावर पदर घेऊन, परक्या बाईसारखी उभी होती.